कामाचा ताण आणि मनाचे स्वास्थ्य



सोलापूर हे श्रमाचे शहर आहे, हे सांगण्यासाठी पुराव्याची गरज नाही. १८७७ साली येथे पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली. पुढे साऱ्या शहराने तिला 'जुनी मिल' असेच नाव देऊन टाकले. तिच्या पाठोपाठ नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर घराघरांतील चुली पेटू लागल्या. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावर जी चादर काढली तिने सोलापूरचे नाव देशोदेशी नेले. भौगोलिक मानांकनाचा मानही तिला मिळाला. घरच्या उंबऱ्यात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या कमाईवर या शहरातील कितीतरी मुले शिकली. जिल्ह्याकडे पाहिले तर तेच चित्र दिसते. विठ्ठलाच्या दर्शनाला न जाता अरणच्या मळ्यातच ज्यांना विठ्ठल भेटला ते सावता माळी याच जिल्ह्याचे.

अशा या भूमीत कामाचे मोजमाप करण्याची साधने पुष्कळ आहेत. चादर नगाने मोजतात, विडी हजाराने मोजतात आणि सरकारी काम निकाली काढलेल्या प्रकरणांच्या संख्येने मोजतात. ते काम करणाऱ्याच्या मनावर त्याचा किती भार पडतो, याची नोंद ठेवणारे रजिस्टर मात्र कोणत्याच कचेरीत नसते. शिक्षक, अधिकारी, कर्मचारी आणि पंचायतीचे सदस्य यांनी या विषयाकडे लक्ष द्यावे, कारण हा भार त्यांच्या स्वतःच्याही शिरावर आहे आणि त्यांच्या हाताखालील माणसांच्याही.

श्रमिकाचे शरीर थकते, एवढी साधी गोष्ट मान्य करून घेण्यासाठी या देशात मोठा काळ जावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळू लागली. त्यापूर्वी आठवड्याची हक्काची सुटी ही कल्पनाच नव्हती. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांचा कामाचा दिवस १२ तासांचा केला. १९२२ साली तो ११ तासांवर, १९३४ साली १० तासांवर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ९ तासांवर व आठवड्याला ४८ तासांवर आणला. म्हणजे शरीराच्या थकव्याला कायद्यात स्थान मिळायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला. मनाच्या बाबतीत तर त्याहूनही उशीर झाला. मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क आहे असे स्पष्ट शब्दांत सांगणारा कायदा संसदेने २०१७ साली केला आणि तो मे २०१८ मध्ये अंमलात आला.

ताण केव्हा आजार होतो

ताण हा सर्वथा वाईट नव्हे. मागावरचा ताणा सैल असेल तर कापड उतरत नाही, आणि नको इतका ओढला तर सूत तुटते, हे येथील विणकराला सांगावे लागत नाही. परीक्षा, मार्चअखेरचा हिशेब, आषाढी वारीचा बंदोबस्त अशा वेळी मन ताठ राहते म्हणूनच कामे पार पडतात. प्रश्न उद्भवतो तो वारी संपल्यावरही मन सैल होत नाही तेव्हा. झोप तुटक होते, पहाटे तीन वाजता जाग येते, जेवणावरची वासना जाते, क्षुल्लक कारणावरून घरच्यांवर राग निघतो, आणि आवडीच्या गोष्टीतही जीव रमत नाही. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ती केवळ थकवा म्हणून सोडून देणे योग्य नाही.

आपल्याकडील माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो की डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, अंग मोडून येते, जीव घाबरा होतो. त्यामुळे तो आधी डॉक्टरकडे जाऊन रक्त तपासून घेतो, सलाइन लावून घेतो आणि तेवढ्याने बरे न वाटल्यास 'बाहेरचे' पाहणाऱ्याच्या दारी जातो. या फेऱ्यांत वर्ष-दीड वर्ष आणि पदरचे बरेच पैसे निघून जातात. त्याला खोटे ठरवणे हा अन्याय होय. मनाची व्यथा शरीराच्या भाषेत बोलते, आणि तिचे भाषांतर करण्याचे काम ऐकणाऱ्याचे आहे.

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही तिचे निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. शंभर माणसांच्या कार्यालयात सुमारे दहा जण असे असतात आणि त्यांतील बहुतेक जण दररोज वेळेवर येऊन हजेरीपटावर सही करतात, असा याचा साधा अर्थ आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या होरपळीची स्वतंत्र दखल घेतली. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि हातून काही नीट होत नाही अशी जाणीव. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, संघटनेने तिला रोग म्हटलेले नाही. ती कामाच्या ठिकाणी उद्भवणारी घटना आहे असे म्हटले आहे. हा भेद वरकरणी शाब्दिक वाटतो. परंतु रोग म्हटला की औषध रुग्णाला द्यावे लागते आणि कामाची घटना म्हटली की उपाय कामातही शोधावा लागतो.

कोणाचा ताण अधिक?

वरिष्ठ अधिकाऱ्याला सर्वांत जास्त ताण असतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. लंडनमधील शासकीय कर्मचाऱ्यांचा १९६७ पासून जो दीर्घ अभ्यास झाला, त्याने ही समजूत उलटी ठरवली. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचे मृत्युप्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाले. हे सर्व जण पगारी नोकर होते. उपाशी कोणीच नव्हता. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून याच वर्गाचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा एक कारण ठळकपणे पुढे आले. आपले काम कसे, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्यात हृदयविकार अधिक होता. अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हेच सूत्ररूपाने मांडले होते. मागणी भरपूर आणि अधिकार थोडा, असे काम मनाला सर्वांत घातक असते.

या कसोटीवर सोलापूरची कामे तपासून पाहावीत. यंत्रमागावर अनेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मागाच्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलणे अशक्य असते आणि यंत्राची गती कामगार ठरवत नाही. विडी वळणारी स्त्री वरवर पाहता स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने काम करते. प्रत्यक्षात हजाराचा आकडा पुरा करण्यासाठी तिला स्वयंपाक, पाणी आणि मुले यांच्यामधून बोटे चालवावी लागतात. कारखान्यात माल दिल्यावर 'छाट' म्हणून किती विड्या बाजूला पडतील, हे दुसऱ्याच्या हाती असते. दिवसभराच्या मेहनतीवर संध्याकाळी दुसऱ्याने फुली मारावी, हा अनुभव वर्षानुवर्षे घेणाऱ्या स्त्रीच्या मनाचा विचार आजवर कोणी फारसा केलेला नाही.

तिसरे उदाहरण या सभागृहाच्या अधिक जवळचे आहे. ज्यांना गाव अजूनही 'ग्रामसेवक' याच नावाने हाक मारते, त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे घरपट्टीची वसुली, पाणीपुरवठा, घरकुले, जन्ममृत्यूची नोंद, ग्रामसभा आणि निरनिराळी अभियाने एकाच वेळी असतात. निधी वरून येतो, मुदतही वरूनच येते आणि राग मात्र गावातून येतो. प्राथमिक शिक्षकाची गत फारशी वेगळी नाही. शिकवणे हे ज्याचे काम, त्याचा दिवस माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत आणि सर्वेक्षणात सरतो आणि रात्री दहा वाजता मोबाइलवर संदेश येतो की अमुक तक्ता उद्या सकाळपर्यंत हवा. तो तक्ता खरोखर सकाळीच हवा असतो का, हा प्रश्न पाठविणाऱ्याने स्वतःला विचारला, तर जिल्ह्यातील कितीतरी जणांना एक रात्र नीट झोप लागेल.

येथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. काम मनाला जसे दमवते, तसेच ते मनाला सावरतेही. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल या गावातील एकमेव कापड गिरणी १९३० च्या सुमारास बंद पडली, तेव्हा मारी याहोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे राहून पाहणी केली. १९३३ साली ती प्रसिद्ध झाली. लोकांना आता वेळच वेळ होता, परंतु वाचनालयातून पुस्तके नेणे निम्म्याच्या आसपास कमी झाले. रस्त्याने पुरुष हळू चालू लागले, वाटेत थांबू लागले, आणि दिवसभरात काय केले हे त्यांना सांगता येईना. पगाराबरोबर त्यांच्या दिवसाचा आकारही गेला होता. सोलापुरात गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा चर्चा झाली ती थकित देणी आणि जमिनी यांची. ती होणे आवश्यकही होते. पण भोंगा थांबल्यावर चाळीचाळींतून जी माणसे सकाळी उठून ओट्यावर नुसती बसून राहिली, त्यांची अशी पाहणी येथेही व्हायला हवी होती.

आज तीच पोकळी दुसऱ्या रूपाने तरुणांच्या वाट्याला येते. जिल्ह्यातील शेकडो मुले-मुली स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या पेठांतील खोल्यांत राहतात. चार-पाच वर्षे अभ्यासिकेत जातात, जागा थोड्या असतात, आणि वयाच्या तिशीला गावी परतणाऱ्याला 'काय झाले रे?' या एका प्रश्नाची धास्ती वाटते. प्रयत्न किती वर्षे करायचा आणि न जमल्यास पुढचा मार्ग कोणता, हे पहिल्याच वर्षी घरात बसून ठरवून टाकावे. सरपंचांनी यशस्वी विद्यार्थ्याचा सत्कार जरूर करावा. मात्र परत आलेल्या मुलाला वाचनालयाच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या कामात हाक मारणे हे त्याहून अधिक तातडीचे असते.

अविश्रांत श्रमाचे कौतुक

या भागात कामाला पूजा मानण्याची परंपरा आहे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात लोकांना बरोबर घेऊन तलाव खोदला, तो आजही शहराच्या मध्यभागी आहे. शरणांच्या 'कायक' विचाराचा दाखला भाषणांतून नेहमी दिला जातो, पण त्यातील एक कथा सहसा सांगितली जात नाही. मारय्या नावाचे शरण सांडलेले तांदूळ वेचून उपजीविका करीत. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले, तेव्हा त्यांची पत्नी लक्कम्मा हिने आजच्या गरजेहून अधिक कशाला आणले असे विचारून ते परत टाकून यायला लावले, असे सांगतात. कायक म्हणजे अमर्याद काम नव्हे, हे त्या काळच्या एका कष्टकरी स्त्रीला कळले होते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे भूषण. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धभूमीवर जखमींची अहोरात्र सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हावे. परंतु युद्धातील त्याग हे शांततेच्या काळातील कार्यालयाचे वेळापत्रक होऊ शकत नाही. सुटी न घेणाऱ्या कर्मचाऱ्याचे कौतुक करताना आपण त्याच्या शेजारच्या कर्मचाऱ्याला कोणता धडा देतो, याचा विचार कार्यालय प्रमुखाने केला पाहिजे.

थकवा उतरवण्यासाठी पुष्कळ जण व्यसनाकडे वळतात. १९३० च्या मे महिन्यात याच शहरातील लोक शिंदीची झाडे तोडण्यासाठी बाहेर पडले होते, आणि त्यानंतरचा गोळीबार व मार्शल लॉ यांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती झोप उथळ असते, पहाटे मोडते, आणि दुसऱ्या दिवशीची खिन्नता वाढवते. व्यसनी माणसाला शिक्षा करण्यापूर्वी त्याने ते कोणत्या दुखण्यावर औषध म्हणून धरले होते, हे एकदा तरी विचारून पाहावे.

काय करता येईल

सर्वांत पहिली अडचण लपवण्याची आहे. रजेच्या अर्जात 'पाठदुखी' किंवा 'ताप' असे लिहिले जाते, कारण खरे लिहिले तर पुढची बढती, मुलीचे लग्न आणि गावातील पत या सर्वांवर त्याची सावली पडेल असे वाटते. ही भीती निराधार नाही. म्हणूनच कायद्याची माहिती अधिकाऱ्यांना असणे अगत्याचे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्याला त्या कारणावरून काढून टाकता येत नाही, की खालच्या पदावर नेता येत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये याच अंगाने निर्णय दिला. ज्या वर्तनाबद्दल चौकशी होत आहे त्याच्या मुळाशी मानसिक आजार हे एक जरी कारण असेल, तरी कर्मचाऱ्याला या कायद्याचे संरक्षण मिळते, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हा चांगले काम करणारा कर्मचारी एकाएकी चुका करू लागला, गैरहजर राहू लागला, तर कारणे दाखवा नोटीस काढण्यापूर्वी त्याला खुर्ची देऊन समोर बसवावे. नोटीस दुसऱ्या दिवशीही काढता येते.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी आणखी एक बाब आहे. गावात कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर पोलिसांचे लचांड नको म्हणून घरचे लोक तो प्रकार दाबून टाकतात आणि त्या माणसाला उपचार मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते. शिक्षेची तरतूद करणारे जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. सरकारी सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरतीच वेगळी तरतूद आहे. ही माहिती ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवली, तरी एखादे घर वेळेवर दवाखान्याचा रस्ता धरील.

कार्यालयात करण्यासारखे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. कामाचा क्रम ठरवताना ते काम करणाऱ्याला विचारावे. रात्री आठनंतर तातडीचे नसलेले संदेश पाठवू नयेत. वारी, निवडणूक किंवा पंचनाम्यांचे काम संपल्यावर त्या पथकाला पाळीपाळीने विश्रांती द्यावी, आणि ती आदेशात लिहून द्यावी, म्हणजे ती मागण्याचा संकोच कोणाला होणार नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा शिक्षकांबरोबर चहा घेताना तक्त्यांचा विषय न काढण्याचे पथ्य पाळून पाहावे. व्यक्तीने स्वतःसाठी झोपेची वेळ, चालणे आणि मन मोकळे करण्याजोगे एक माणूस, एवढे तरी जपावे. परंतु बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्याला प्राणायामाचा उपदेश करून मालकाने मोकळे होऊ नये.

उपचारांची सोयही पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. शेजारच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. मानसोपचारासाठी येरवड्यालाच जावे लागते, ही समजूत जुनी झाली. सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, ज्याला सारे शहर 'सिव्हिल' म्हणते, इतर आजारांप्रमाणेच केसपेपर काढून मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येते. घेतलेले औषध किती दिवस चालू ठेवायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. बरे वाटू लागताच पहिल्या महिन्यात गोळ्या सोडल्यामुळे पुष्कळांचे दुखणे उलटते.

ज्याला रुग्णालयाच्या रांगेत ओळखीच्या माणसाने पाहू नये असे वाटते, त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र शासनाने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून ती विनामूल्य व चोवीस तास चालते. फोन लागल्यावर आधी भाषा निवडावी लागते, मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, आणि गरज भासल्यास तो तज्ज्ञाकडे जोडून देतो. या शहरात ही भाषेची सोय विशेष मोलाची आहे. कचेरीत उत्तम मराठी बोलणारी माणसे घरी तेलुगूत किंवा कन्नडमध्ये रडतात, आणि मराठीबरोबर या दोन्ही भाषा त्या सेवेत आहेत. शाळेच्या फलकावर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, यंत्रमागाच्या कारखान्यात आणि विडी कारखान्याच्या जेथे छाट काढली जाते त्या खिडकीपाशी हा पाच आकड्यांचा क्रमांक रंगवून घेण्यास रंगाचा एक लहान डबा पुरतो.